सईचं बाहेर बसायचं वर्ष

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिका शारजातल्या अल मजाज भागात आमच्याच टॉवरमध्ये, आमच्या दोन मजले वर राहतात. त्यामुळे लेख टाळायचा असेल तर मला जिन्यानं जावं लागतं, आणि माझे गुडघे आता जिना मानत नाहीत. लिफ्टमध्ये त्यांनी मला गाठलं आणि म्हणाल्या, "पेठेसर, खेळाडूंचे गमतीदार किस्से लिहा. लोकांना जरा हसवा." मी हो म्हटलं. किस्से आहेतही. पण लिहायला बसलो की एकच गोष्ट पुढे येऊन बसते, आणि तिच्यात हसण्यासारखं फार थोडं आहे. संपादिकाबाईंनी चालवून घ्यावं.

आधी माझं काम सांगतो, कारण मंडळातल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की मी शिट्टी मारून मुलांना पळवतो. पुण्याच्या शाळेत पी.टी.चा मास्तर होतो तेव्हा शिट्टी होती. इथं शारजात एका खासगी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात मी समन्वयक आहे, आणि शिट्टी कोचकडे असते. माझ्याकडे उरलेलं सगळं. हॉल कोणाला कधी द्यायचा, बस कुठून निघणार, बर्फ आला का, कोणाचा घोटा सुजला, कोण सामना खेळायला पात्र आहे आणि कोण नाही. सामना जिंकला की फोटो कोचचा येतो. हॉलला कुलूप असलं की फोन मला येतो.

यातलं पात्रतेचं प्रकरण बाहेरच्यांना समजत नाही. आमच्या लीगचा नियम असा की, एका विद्यापीठातून दुसऱ्यात आलेल्या बास्केटबॉलच्या खेळाडूनं पहिला मोसम सामन्यात उतरायचं नाही. सराव करायचा, संघाबरोबर फिरायचं, पण सामन्याच्या दिवशी साध्या कपड्यांत बाकावर बसायचं. नियम वाईट नाही. तो नसता तर ज्याच्याकडे पैसा जास्त त्यानं दरवर्षी शेजाऱ्याची पोरं पळवली असती. पण त्यातून एक प्रश्न उरतो, आणि तो आमच्या समितीपुढे फिरून फिरून येतो. जो वर्षभर खेळणार नाही, त्याला खेळाची स्कॉलरशिप द्यायची का?

समितीत अकाउंट्सचे कुरियन असतात. केरळचे, मितभाषी, दुसऱ्याच्या खिशातला दिरहमसुद्धा जपणारे. त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. "पेठे साब, खेलेगा नहीं तो पैसा किस बात का?" आणि पुरावा म्हणून ते दर वेळी एका साडेसहा फुटी मुलाची आठवण काढतात. तो असाच बदली होऊन आला, स्कॉलरशिप घेतली आणि सरावाला यायचा बंद झाला. मी त्याला शोधत फिरलो, तर साहेब खालिद लगूनच्या काठी शवर्मा खात बसलेले. विचारलं तर शांतपणे म्हणाला, "हबीबी, आय अ‍ॅम सेव्हिंग मायसेल्फ फॉर नेक्स्ट सीझन." पुढच्या मोसमाला तो तिसऱ्याच विद्यापीठात गेला. स्वतःला त्यानं नेमकं कोणासाठी वाचवलं, ते आम्हाला कळलं नाही. घ्या, हा एक गमतीदार किस्सा झाला.

दोन मोसमांपूर्वी समितीपुढे सई घाडगेचं नाव आलं. दुबईतल्या ज्या विद्यापीठात ती खेळत होती, तिथं मुलींचा संघच बंद केला. म्हणून ती आमच्याकडे आली. उंची बेताची, पण चेंडू हातात आला की समोरची मुलगी कुठल्या पायावर उभी आहे हे तिला आधी दिसायचं. जन्मापासून शारजात. आई नर्सरी शाळेत शिकवायची. वडील अबू धाबीजवळ मुसफ्फात एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये सुपरवायझर, आठवडाभर तिकडेच कंपनीच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी रात्री घरी यायचे. स्कॉलरशिप मिळाली तरच तिचं इथं शिक्षण होणार होतं. नाही तर पुण्याला आत्याकडे जायचं, ज्या शहरात ती उन्हाळी सुट्टीपलीकडे कधी राहिली नव्हती, आणि तिथं बास्केटबॉल खलास.

कुरियननी शवर्मा काढलाच. मी तयारीनं गेलो होतो. मी म्हटलं, सामना आठवड्यातून एक आणि सराव आठवडाभर. ही मुलगी सरावात काय करणार, तर समोरच्या संघाचं सोंग घेणार. पुढच्या सामन्यात चेंडू पुढे आणणाऱ्या ज्या गार्डशी गाठ आहे तिच्यासारखं खेळायचं, तिच्यासारखं वळायचं, म्हणजे आपल्या मुलींना तिला अडवायची सवय होते. मार खायचा, टाळी घ्यायची नाही. संघातलं सगळ्यात कष्टाचं काम हेच. बाहेर बसायचा नियम आपल्या लीगचा आहे, तिनं मागितलेला नाही. आणि फी माफ होते ती शिकण्यासाठी. ती काय फक्त सामन्याच्या दिवशी शिकणार आहे?

स्कॉलरशिप मंजूर झाली. घरी जाऊन मी हे भाषण बायकोला पुन्हा ऐकवलं. तिनं पोळी लाटता लाटता "छान बोललात" म्हटलं. मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं.

नंतरच्या एका रविवारी सकाळी सईचे वडील, घाडगे, मला भेटायला आले. रविवारी विद्यापीठ बंद असतं, हॉल रिकामा असतो, म्हणून मी साठलेली कामं उपसायला जातो. हातात बेसनाच्या लाडवांचा डबा, इस्त्रीचा शर्ट, मूळचे भोसरीचे. आम्ही हॉलमधल्या प्रेक्षकांच्या बाकांवर बसलो. बसल्या बसल्या बाक डुगडुगला. घाडगे उठले, खाली वाकले आणि म्हणाले, "सर, वेल्ड सुटलंय. लागेल कुणाला तरी."

"मेंटेनन्सला सांगितलंय. इन्शाल्ला होईल." आमच्याकडे मेंटेनन्सच्या बाबतीत इन्शाल्लाचा अर्थ पुढच्या बजेटात असा असतो.

ते पुन्हा बसले, या वेळी अगदी कडेला. मग म्हणाले, "सर, एक मनात आहे ते बोलू? पोरगी यंदा खेळणार नाही, आणि विद्यापीठ एवढे पैसे घालतंय. मी घरी हिशेब मांडून बघितला, दिरहमचे रुपये केले तर माझीच छाती दडपली. आमच्यात फुकटचं पचत नाही हो. मी रविवारी मोकळाच असतो. हे बाक मी नीट करून देतो. तेवढंच मनाला बरं."

आता इथं मी काय बोलायला हवं होतं ते वाचकांना सांगायची गरज नाही. तेच मी समितीत टेबल वाजवून बोललो होतो. सगळं भाषण पाठ होतं. पण बाकाकडे पाहिलं, मेंटेनन्सचे चेहरे आठवले, आणि मी म्हटलं, "बरं. बघा, जमलं तर."

पुढच्या रविवारी ते मित्राकडून छोटं वेल्डिंग मशीन घेऊन आले. लाकडी फ्लोअरवर ठिणग्या नकोत म्हणून बाकाची फ्रेम खोलून मागच्या अंगणात नेली आणि उन्हात बसून काम केलं. झकास केलं. पाणी आणि पराठा बरोबर आणलेला, माझा चहासुद्धा संकोचानंच घेतला. गेटवरच्या नेपाळी वॉचमननं विचारलं होतं, "साब, इनको क्या लिखूँ?" मी म्हटलं, "पेरेंट." खोटं नव्हतं. पण इथं राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की एका कंपनीच्या व्हिसावरच्या माणसानं दुसऱ्या जागी काम केलं, मग ते फुकट का असेना, तर सापडल्यावर काय होतं. घाडग्यांना ठाऊक होतं. मलाही होतं.

बाक झाल्यावर रेलिंग निघालं. रेलिंगनंतर स्टोअरचं दार, मग चेंडूंची ट्रॉली. पहिल्यांदा ते स्वतः शोधायचे. नंतर मी कामं बाजूला ठेवायला लागलो. कुणी काही मोडल्याचं सांगितलं की तोंडातून यायचं, "राहू दे, रविवारी बघू." फुकट ते पौष्टिक म्हणतात ना, तसं झालं. एकदा डीन हॉलमध्ये येऊन गेले, रेलिंगवर हात फिरवला आणि म्हणाले, "झीरो कॉस्ट, मिस्टर पेटे? व्हेरी गुड." मी थँक यू म्हटलं. आडनावही दुरुस्त केलं नाही.

सईला यातलं काही माहीत नव्हतं. घाडग्यांनी घरी सांगितलं होतं की रविवारी सकाळी मित्राकडे जातो. तिच्याबद्दल एक गोष्ट मात्र माझ्या डोळ्यांत भरली होती. सराव संपला की बाकीच्या मुली फोन काढून बसायच्या आणि ही चेंडू गोळा करायची, बाटल्या भरायची, घाम पडलेला फ्लोअर पुसायची. कुणी सांगितलेलं नव्हतं. मी कोचला कौतुकानं म्हटलंही, "संस्कार आहेत, संस्कार."

मग नोव्हेंबरातल्या एका आठवड्यात शनिवारी हॉल एका समारंभाला द्यायचा होता. शनिवारचा सराव मी रविवारी सकाळी ढकलला, मुलींना मेसेज केले, बसवाल्याला फोन केला. वेळापत्रक लावणं हे माझं आयुष्यभराचं काम. त्यात मी सगळ्यांचा विचार केला, फक्त घाडग्यांचा विसरलो.

बस मागच्या गेटला येते. मुली अंगणातून हॉलकडे निघाल्या. वेल्डिंग मशीनची वायर वाटेत आडवी पडलेली, आणि घाडगे आणखी एका बाकाच्या फ्रेमखाली अर्धे शिरून काम करत होते. मी दारात उभा होतो. पुढे होऊन कुणाला थांबवायला उशीर झाला होता. संघाची कप्तान हाला, जॉर्डनची, स्वभावानं सरळ मुलगी, तिनं सहज म्हटलं, "अंकल, कॅन यू मूव्ह द वायर, प्लीज?"

घाडगे बाहेर सरकले. चेहऱ्यावरचा वेल्डिंगचा मास्क वर केलेला होता. समोर मुलीला पाहिलं आणि त्यांनी तो झटकन खाली ओढला. वायर गोळा केली, मान खाली घातली आणि एखाद्या अनोळखी माणसासारखे बाजूला उभे राहिले. मुलीची मैत्रिणींत शोभा होऊ नये म्हणून.

सईनं बॅग खाली ठेवली. ती त्यांच्यापाशी गेली आणि हळू म्हणाली, "बाबा, टेक इट ऑफ." ते हलेनात. तिनं पुन्हा म्हटलं. मग त्यांनी मास्क काढला. ती मैत्रिणींकडे वळून म्हणाली, "दिस इज माय फादर." हालाचा चेहरा पडला. तिनं पुढे होऊन सलाम केला, सगळ्या मुलींनी केला. घाडगे हसायचा प्रयत्न करत प्रत्येकीला "हॅलो, हॅलो" म्हणत राहिले, आणि हात काळे असल्यामुळे ते मागे लपवत राहिले. मी दारातच होतो. पुढे झालो नाही.

सराव झाला. सईनं रोजच्यासारखं सोंग घेतलं, रोजच्यासारखा मार खाल्ला. त्या दिवशी मात्र फ्लोअर पुसला नाही. घामानं थबथबलेली ती माझ्या केबिनमध्ये आली आणि उभीच राहिली.

"सर, हाऊ लाँग?"

मी सांगितलं. दोन महिने होऊन गेले होते.

"दॅट स्कॉलरशिप. डिड आय अर्न इट, ऑर डिड बाबा?"

मी म्हटलं, "अगं, तुझे बाबा स्वतःहून म्हणाले. मी काही मागितलं नव्हतं."

"आय नो. ही वुड." मग ती मराठीत बोलली, अडखळत. घरी आईशी बोलत असावी तशी. "पण तुम्ही नाही म्हणू शकत होता ना सर? यू नो व्हॉट आय डू हिअर. बाबांना नाही माहीत. तुम्हाला माहीत आहे."

ती म्हणाली, तुम्ही बाबांना जाऊन सांगा, तुमच्या तोंडानं, की स्कॉलरशिप ती स्वतः मिळवते. मी सांगितलं तर त्यांना ते पोरीचं बोलणं वाटेल. आणि तुम्हाला ते खरं वाटत नसेल तर तसं सांगा, मी उद्यापासून येत नाही. पुण्याला जाईन. हे सगळं अर्धं इंग्रजीत, आवाज न चढवता. जाताना दार हलकेच लावलं.

दुसऱ्या दिवशी मी आधी कुरियनकडे गेलो, कारण लपवायचं आता काही उरलं नव्हतं. मला वाटलं होतं ते म्हणतील, बरं झालं, विद्यापीठाचे पैसे वाचले. ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "इन्स्पेक्शन आता तो उस आदमी का वीज़ा जाता, पेठे साब. फॅमिली का क्या होता?" मग म्हणाले, "मैंने तो मीटिंग में सीधा ना बोला था. आपने हाँ बोला, और फिर उसके बाप से वसूल किया." कुरियनना मी इतकी वर्षं कंजूस म्हणत आलो. त्या दिवशी त्यांच्या टेबलासमोर मला मान वर करता आली नाही. डीननाही सांगितलं. त्यांनी ऐकलं, पुन्हा असं होता कामा नये म्हणाले आणि विषय बदलला. ते फार सोपं गेलं आणि त्याचीही लाज वाटली.

मग मुसफ्फाला गेलो. अबू धाबीच्या बाजूचा तो सगळा भाग वर्कशॉपांचा. घाडग्यांच्या शेडमध्ये ग्राइंडरचा आवाज एवढा की ओरडून बोलावं लागत होतं. माझ्यासारखा माणूस तिथं आलेला पाहून ते घाबरलेच. "सर, सईला काही झालं?" नाही म्हटल्यावर त्यांनी एक स्टूल फडक्यानं पुसलं, कुणाला तरी पाठवून इथला कडक दुधाचा करक चहा मागवला. मला बाहेर, भिंतीच्या सावलीला घेऊन आले.

मी सांगितलं. सई रोज सरावात काय करते, ते काम किती अवघड, तिच्यामुळे आमच्या मुली कशा सुधारल्या. म्हटलं, सामना न खेळणं हा नियम आहे, तिची चूक नाही. ती फुकट काही खात नाही, एक दिवससुद्धा नाही. समितीतलं तेच भाषण, फक्त या वेळी आवाज बसलेला होता. आणि हेही म्हटलं की तुमच्याकडून काम करून घेतलं हे माझं चुकलं. तुम्ही सापडला असतात तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

घाडगे चहाचा कागदी कप हातात फिरवत ऐकत होते. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"सर, मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" ते म्हणाले. "मी तुम्हाला म्हटलं होतं, पोरगी न खेळता खाते. तुम्ही 'बरं' म्हणालात. मला वाटलं, तुम्हालाही तसंच वाटतंय. तुम्ही त्यातले जाणकार." मग म्हणाले, "मी तिला घरी तेच सांगत होतो हो. म्हटलं, बाई, खेळत नाहीस तर निदान तिथं पडेल ते काम कर. झाडलोट कर. मिंधेपणा राहू नये."

मला तो पुसलेला फ्लोअर आठवला, भरलेल्या बाटल्या आठवल्या, आणि माझे "संस्कार, संस्कार" आठवले. जनाची नाही तर मनाची म्हणतात. मला त्या भिंतीच्या सावलीत दोन्ही एकदम वाटल्या. चहा तसाच गार झाला. घाडगे मला टॅक्सीपर्यंत सोडायला आले, आणि दार लावताना म्हणाले, "आज तिला फोन करतो."

सई गेली नाही. सरावाला येत राहिली. फ्लोअर पुसायची पाळी हालानं सगळ्यांत वाटून दिली, मला न विचारता. माझ्याशी सई अदबीनं बोलते, पूर्वीसारखंच, पण केबिनमध्ये येऊन बसत नाही. तो तिचा हक्क आहे. आता बदली होऊन खेळाडू आला की मी पहिल्याच दिवशी त्याला आणि त्याच्या आईवडिलांना समोर बसवतो आणि हे सगळं सांगतो. बाहेर बसायचं वर्षसुद्धा कामाचं असतं, आणि त्याचा मोबदला आधीच ठरलेला असतो, वरून काही द्यायचं नसतं. लोक मान डोलावतात. कधी कधी मिठाई देतात. ती मी परत करतो, आणि त्यांना मी फार कडक वाटतो.

पुढच्या मोसमाचा पहिला सामना आमच्या हॉलमध्ये होता. सई पहिल्या पाचांत होती. घाडगे बायकोला घेऊन आले होते, तोच इस्त्रीचा शर्ट. मी रेलिंगपाशी उभा होतो, ते माझ्यापासून दोन हातांवर येऊन उभे राहिले. आम्ही नमस्कार केला. खेळ सुरू झाला, आणि घाडग्यांचा हात सवयीनं रेलिंगवर गेला. त्यांनी ते पकडून हलवून पाहिलं, जोड धरलाय का, पुन्हा एकदा हलवलं.

फ्री थ्रोची तयारी चालली होती. सईनं वर पाहिलं. चेंडू हातात तसाच ठेवून तिनं वडिलांकडे बघत मान हलवली, नाही म्हणून.

घाडग्यांनी हात काढून घेतला आणि ते मागच्या बाकावर जाऊन प्रेक्षकांत बसले. रेलिंगवर माझाही हात होता. मीही तो काढून घेतला.